अनोळखी बँडचा नाट्यमय रॉक शो: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मित्राकडे जास्तीचं तिकीट होतं म्हणून, किंवा मुखवटे घातलेल्या वादकांचा फोटो पाहून उत्सुकता वाटली म्हणून तुम्ही अशा बँडच्या कॉन्सर्टला निघाला आहात ज्याचं एकही गाणं तुम्हाला येत नाही. बँड नुसताच वाजवणारा असता तर फारशी तयारी लागली नसती. पण हा बँड पात्रं उभी करतो, नेपथ्य लावतो, जाळ उडवतो, गायकाचं डोकं उडवून त्याला शेवटच्या गाण्याला पुन्हा उभं करतो. अशा शोमध्ये गाणं हा निम्माच भाग असतो. उरलेला निम्मा डोळ्यांनी घ्यायचा असतो. नवखे लोक तोच घालवून बसतात, कारण ते चुकीच्या जागी उभे राहतात, उशिरा पोहोचतात किंवा सगळा शो फोनमधून बघतात.

या प्रकाराला अर्धशतकाहून मोठी परंपरा आहे. अ‍ॅलिस कूपर या रॉक गायकाने १९७३ च्या दौऱ्यात रंगमंचावर गिलोटिन, म्हणजे मान उडवण्याचं यंत्र, आणलं, तेव्हा जल्लादाच्या भूमिकेत जेम्स रँडी हा खराखुरा जादूगार होता. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये किस हा बँड सुरू झाला. चौघांचे रंगवलेले चेहरे म्हणजे चार ठरलेली पात्रं. गायक डेव्हिड बोवीने झिगी स्टारडस्ट हे पात्र उभं केलं आणि ३ जुलै १९७३ ला लंडनमध्ये भर रंगमंचावर निवृत्तही केलं. पुढे रामस्टाइन, स्लिपनॉट, ग्वार, घोस्ट अशी बँडची रांगच लागली. तुमचा बँड यांतला नसेल, तरी त्याची घडण बहुधा याच घराण्यातली असेल.

गृहपाठ: तीन तास पुरतात

सगळे अल्बम ऐकत बसू नका. पंधरा दिवस आधी सुरुवात करा आणि मोजकंच ऐका.

आधी सेटलिस्ट डॉट एफएम या संकेतस्थळावर बँडच्या चालू दौऱ्यातल्या शेवटच्या तीन कार्यक्रमांची गाणी पाहा. नाट्यमय शोमध्ये दिवे, जाळ आणि नेपथ्य गाण्यांना बांधलेलं असतं, त्यामुळे यादी रोज फारशी बदलत नाही. तिन्ही याद्यांत आलेली गाणी तुमच्या शोमध्येही जवळपास नक्की असतील. त्यांची प्लेलिस्ट करा आणि येता-जाता चार-पाच वेळा कानावरून जाऊ द्या. पाठ करायची गरज नाही. ओळखीची चाल आली की कान सैल होतात आणि डोळे मोकळे सुटतात, तेवढंच हवं आहे.

मग त्यांतली पाच-सहा गाणी निवडून शब्द समोर ठेवून ऐका. पहिलं गाणं, शेवटचं गाणं आणि ज्यांच्यावर गर्दी एकसुरात गाते अशी दोन-तीन. इतक्या आवाजात अनोळखी गाण्याचे शब्द जागेवर कळणं जवळजवळ अशक्य असतं, आणि शब्द कळले नाहीत तर रंगमंचावर तो माणूस कोणाला साखळदंडाने बांधतोय याचा पत्ता लागत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे कथा. बँडच्या शोला सलग कथानक आहे, की नुसती पात्रं आहेत, की प्रत्येक गाण्याचं वेगळं दृश्य आहे? घोस्टचा गायक दर काही वर्षांनी नव्या पात्राच्या रूपात येतो आणि मागचे वादक मुखवट्याआड असतात. हे ठाऊक असेल तर त्याच्या दोन वाक्यांवर सभागृह का खळखळून हसतं ते समजतं. कथानकाचा पाच ओळींचा सारांश वाचा आणि थांबा.

पूर्ण शोचं चित्रण मात्र आधी पाहू नका. गाणी आधी ऐकल्याने आनंद वाढतो, पण दृश्यं आधी पाहिल्याने धक्का जातो. त्यातही पहिल्या दहा मिनिटांचं चित्रण टाळाच, कारण बँडने सगळ्यात जास्त डोकं तिथेच लावलेलं असतं.

वेळच नसेल, तर निदान नवा अल्बम एकदा सलग ऐका. १९७४ च्या नोव्हेंबरात जेनेसिस या बँडने नवा दुहेरी अल्बम अथपासून इतिपर्यंत वाजवणारा दौरा अमेरिकेत सुरू केला, तेव्हा तो अल्बम नुकता कुठे बाजारात येत होता. बहुतेक प्रेक्षकांनी त्यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. हजाराहून जास्त स्लाइड, गुंतागुंतीची कथा, आणि गायक पीटर गॅब्रिएलचा एक गाठीगाठींचा पोशाख असा की त्याला माइक तोंडापर्यंत नेणंही जड जाई. अशा वेळी प्रेक्षक बुचकळ्यात पडला तर दोष त्याचा नसतो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे तीन तास.

तिकीट आणि जागा

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि इथे आमचं मत ठाम आहे: अनोळखी नाट्यमय बँडसाठी पहिल्या खेपेला सगळ्यात पुढची जागा घेऊ नका.

मोठ्या सभागृहात रंगमंच साधारण दीड ते दोन मीटर उंच असतो. अगदी कठड्याला टेकून उभं राहिलं की मान वर करून गायक दिसतो, पण त्याच्या मागचे जिने, उंचावर बसवलेला ड्रमर, जमिनीतून वर येणारा पाळणा, मागच्या पडद्यावरचं चित्र यांतलं फार काही दिसत नाही. शिवाय पुढचे मोठे स्पीकर तुमच्या दोन्ही बाजूंना, डोक्याच्या वर असतात आणि त्यांचा रोख मागच्या गर्दीकडे असतो. त्यामुळे पुढे गायकाचा आवाज दबलेला आणि ड्रम-बास अंगावर येणारे, असं होतं.

नेपथ्य रचणाऱ्याने चित्र समोरून पाहण्यासाठी रचलेलं असतं. म्हणून उभ्याचं तिकीट असेल तर मधली रेषा धरा. सभागृहाच्या साधारण मध्यावर एक कुंपण घातलेलं टेबल दिसेल. तिथे आवाज आणि दिवे सांभाळणारे तंत्रज्ञ बसतात. आवाजाचा समतोल तिथे बसूनच साधला जातो, म्हणून त्या टेबलाच्या थोडं पुढे, मधोमध उभं राहा. टेबलाच्या अगदी लगत मागे उभं राहू नका, तंत्रज्ञांची डोकी आणि स्क्रीन आड येतात. उंची कमी असेल तर टेबलाच्या बाजूच्या कुंपणाला पाठ किंवा खांदा टेकून उभं राहिल्याने एका बाजूची धक्काबुक्की तरी टळते.

बसायची तिकिटं असतील तर रंगमंचाच्या समोरच्या बाजूचा पहिला मजला उत्तम. रंगमंचाच्या कडेच्या जागा नकाशावर फार जवळ दिसतात, पण तिथून मागचा पडदा तिरका दिसतो, किंवा स्पीकरांची रांग निम्मा रंगमंच झाकते. तिकिटावर ‘मर्यादित दृश्य’ अशा अर्थाचं काही लिहिलेलं असेल तर ते मनावर घ्या. साध्या कॉन्सर्टला अशी जागा चालून जाते, इथे नाही.

प्रेक्षकांत शिरणारी लांब पट्टी किंवा सभागृहाच्या मध्यावर छोटा दुसरा रंगमंच आहे का, तेही तिकीट काढताना नकाशावर पाहा. असेल तर एखाद-दोन गाणी तिथे होतील आणि मध्यावरच्या लोकांना फुकटात पहिली रांग मिळेल.

खूप मागची जागा मिळाली तर एक गंमत दिसेल. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे रंगमंचापासून ७० मीटरवर आवाज पाचवा हिस्सा सेकंद उशिरा पोहोचतो. ड्रमरची काठी आधी खाली येते, ठोका मागून येतो. हा बिघाड नव्हे. दुर्बीण नेली तर चेहऱ्यावरचा रंग आणि हातातल्या वस्तूही दिसतात, फक्त ती नेऊ देतात का ते आधी पाहून घ्या.

तिकीट अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. फोनवरच्या तिकिटाचा कोड सतत बदलणारा असेल तर त्याचा स्क्रीनशॉट दारावर चालत नाही. तिकीट अ‍ॅपमध्ये आधीच उघडून ठेवा आणि फोन चार्ज करून न्या.

कान

कॉन्सर्टचा आवाज सहज १०० डेसिबलपर्यंत जातो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबल आठ तास सोसता येतो आणि पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. शो असतो दोन तासांचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी घालून दिलेली मर्यादासुद्धा १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल इतकी आहे. कान शाबूत ठेवायचे तर इअरप्लग हवेतच, तिथे ‘बघू’ म्हणू नका.

दोन प्रकार मिळतात. फोमचे स्वस्त असतात आणि आवाज भरपूर कापतात, पण वरचे सूर जास्त कापत असल्याने संगीत गोधडीआडून ऐकल्यासारखं लागतं. संगीतासाठी बनवलेले गाळणीवाले प्लग १५ ते २० डेसिबल बऱ्यापैकी सारखे कापतात, त्यामुळे गायकाचे शब्द उलट जास्त स्वच्छ कळतात. अनोळखी बँडला जाताना हाच फायदा मोठा आहे.

फोमचे प्लग बहुतेक जण चुकीचे घालतात. बोटांनी नुसता दाबून कानाच्या तोंडाशी बसवलेला प्लग निम्मंही काम करत नाही. हात स्वच्छ करून तो दोन बोटांत वळत वळत बारीक, सुरकुती नसलेली वात करा. दुसरा हात डोक्यावरून पलीकडे न्या आणि कानाचा वरचा भाग वर व थोडा मागे ओढा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. वात आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत, २०-३० सेकंद, बोटाने धरून ठेवा. नीट बसला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो आणि समोरून पाहणाऱ्याला प्लग कानाबाहेर डोकावताना फारसा दिसत नाही. घरी दोनदा सराव करा. अंधारात, घामेजल्या बोटांनी पहिल्यांदाच हे करायला गेलात तर नक्की फसेल.

मुख्य बँडआधी पाहुणा बँड वाजवतो, प्लग त्याच्याही आधीच घाला. तीन गाण्यांनंतर घातले की सगळं मिळमिळीत वाटतं आणि माणूस ते काढून टाकतो. मूल बरोबर असेल तर त्याला कानावर बसणारे मोठे संरक्षक द्या.

कपडे, रंग, पिशवी

बँडचा टी-शर्ट नसला तरी काही बिघडत नाही. गडद, सुती, घाम टिपणारे कपडे आणि पायाची बोटं झाकणारे, आधी वापरून मऊ झालेले बूट घाला. चार-पाच तास उभं राहायचं असतं आणि पायावर पाय पडतातच. जॅकेट कमरेला बांधता येईल असं घ्या. आत उकडतं, बाहेर पडल्यावर गार वाटतं.

काही बँडची वेगळी तऱ्हा असते. ग्वारच्या शोमध्ये रंगमंचावरून रंगीत पाणी आणि नकली रक्ताचे फवारे पुढच्या गर्दीवर येतात, आणि रंग नीट उठून दिसावा म्हणून चाहते मुद्दाम पांढरा टी-शर्ट घालून जातात. तुमचा बँड यातला आहे का ते आधी बघा. असेल तर फोन झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा. कपड्यांवर डाग पडलाच तर आधी गार पाण्यात भिजवा. गरम पाण्याने डाग पक्का बसू शकतो.

चाहते पात्रांसारखा चेहरा रंगवून येतात. तुम्हालाही हौस असेल तर पाण्यातला रंग लवकर वाळतो पण घामाने ओघळतो, तर तेलकट रंग टिकतो पण हात लागला की पसरतो. तेलकट रंगावर बिनरंगी पावडर दाबून बसवली की तो स्थिर होतो. कोणताही नवा रंग २४ तास आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहा. उतरवताना आधी तेल किंवा कोल्ड क्रीम, मग फेसवॉश. थेट साबणाने घासलं तर रंग जात नाही, कातडी मात्र लाल होते. मुखवटा, नकली तलवार, टोकदार खिळ्यांचे पट्टे दारावर अडवले जाण्याची शक्यता मोठी, म्हणून स्थळाची नियमावली वाचून मगच न्या.

पिशवी शक्यतो नकोच. बऱ्याच ठिकाणी पारदर्शक किंवा ठराविक आकाराचीच पिशवी चालते आणि उरलेल्यांना बाजूच्या रांगेत ताटकळत राहावं लागतं. तिकीट, ओळखपत्र, थोडे पैसे, कार्ड, फोन, इअरप्लग, लागणारी औषधं एवढं चेन असलेल्या खिशात मावतं.

त्या दिवशी

तिकिटावर दोन वेळा असू शकतात. एक दारं उघडण्याची आणि एक कार्यक्रमाची. दोन्हींत साधारण तासाभराचं अंतर असतं. आधी पहिला पाहुणा बँड ३० ते ४५ मिनिटं वाजवतो, मग सामान बदलायला २० ते ४० मिनिटं जातात, मग मुख्य बँड दीड ते दोन तास. स्थळ बरेचदा त्या दिवशी नेमक्या वेळा जाहीर करतं, त्या बघून ठेवा.

दुपारी व्यवस्थित जेवा आणि सकाळपासून पाणी पीत राहा. गर्दीत चक्कर येऊन पडणारे बरेच जण उपाशी आणि तहानलेले असतात. दारं उघडल्यावर अर्ध्या तासात आत शिरा आणि पुढल्या गोष्टी याच क्रमाने उरका: बाहेर जायची दारं बघणं, स्वच्छतागृह, टी-शर्ट घ्यायचा असेल तर आत्ताच (शो संपल्यावर हवं ते माप उरत नाही), पाणी, आणि मग जागा. पाहुणा बँड सोडू नका. आवाज कुठे नीट लागतो हे त्याच्या वेळी दोन-तीन जागा बदलून कळतं. जागा पक्की करायला यापेक्षा चांगली संधी नाही.

बरोबरच्या लोकांशी भेटीची खूण आधीच ठरवा, शक्यतो बाहेरची, न हलणारी. हजारो माणसं एकाच वेळी फोन वापरू लागली की संदेश अर्धा तास अडकून पडतात.

शो कसा पाहायचा

पाहुण्या बँडनंतर रंगमंच पडद्याने झाकला गेला की सावध व्हा. तो पडदा बाजूला सरकणारा आहे की वरून लटकवलेला? लटकवलेला असेल तर त्याची वरची कड नीट निरखा. ठराविक अंतरावर छोट्या चिमट्यांनी पकडलेली दिसेल. मागून दिवा लागतो, गायकाची सावली पडद्यावर दहा फूट उंच होते, पहिला ठोका पडतो आणि सगळे चिमटे एकाच क्षणी सुटतात. अख्खा पडदा सेकंदा-दीड सेकंदात खाली कोसळतो आणि दोन्ही विंगांतून काळ्या कपड्यांतली माणसं तो वाकून आत ओढून नेतात. जपानी काबुकी रंगभूमीवरून याला काबुकी ड्रॉप म्हणतात. त्या सेकंदाला तुम्ही फोन चाचपत असाल तर तो गेला, परत येत नाही.

इथे तिसरी घंटा होत नाही. सभागृहात वाजणारं ध्वनिमुद्रित संगीत मध्येच थांबतं किंवा एकाएकी वाढतं आणि दिवे जातात, हाच इशारा. नियोजित वेळेच्या दहा मिनिटं आधी जागेवर असा आणि मग हलू नका. सुरुवात चुकली की कधी कधी पुढचं सगळंच अधांतरी राहतं. पिंक फ्लॉइडच्या १९८०-८१ च्या ‘द वॉल’ प्रयोगांत सुरुवातीला रंगमंचावर येणारे चौघे मूळ बँडचे नव्हतेच. बँडच्या चेहऱ्यांचे मुखवटे घातलेले दुसरे वादक होते. पूर्वार्धभर पुठ्ठ्याच्या मोठमोठ्या विटांची सुमारे १२ मीटर उंच भिंत बँड आणि प्रेक्षक यांच्यामध्ये रचली जाई. मध्यंतरापर्यंत बँड पूर्ण दिसेनासा होई. उत्तरार्ध त्या भिंतीसमोर, भिंतीमागे आणि भिंतीच्या माथ्यावर चाले, आणि शेवटी ती कोसळे. तिथे उशिरा आलेल्याला पहिला चकवा मिळायचाच नाही.

पहिली दोन गाणी नजर गायकावरच खिळते, ते साहजिक आहे. तिसऱ्या गाण्यापासून मुद्दाम नजर फिरवा. गायक पुढे येऊन बोलत असताना मागे काहीतरी हलवलं जात असतं. प्रेक्षकांचं लक्ष एकीकडे ओढून दुसरीकडे तयारी करायची, ही जादूगाराची युक्ती इथेही आहे. गिटारवादकाचं लांबलेलं एकल वादन, ड्रमरचं पाच मिनिटांचं वादन, मंद सुरांचा तुकडा हे बरेचदा गायकाने पोशाख बदलावा किंवा नेपथ्य बदलावं यासाठी ठेवलेले असतात. हे ठाऊक असलं की कंटाळा येत नाही, पुढे काय येतंय याची उत्कंठा लागते. अशा वेळी पाणी आणायला धावू नका. परत येईपर्यंत तोच मोठा प्रसंग होऊन गेलेला असतो.

प्रकाशयोजनेकडेही लक्ष द्या. बरेच बँड एखादा रंग एखाद्या पात्रासाठी किंवा कथेच्या एका भागासाठी राखून ठेवतात. तो रंग पुन्हा आला की काहीतरी परत आलं आहे. कथा शब्दांतून निसटली तर ती रंगांवरून पकडता येते.

टाळ्या कधी? गाणं संपलं आणि दिवे विझले की मनसोक्त. पण अंधार आहे आणि बारीकसा सूर अजून चालू आहे, तर प्रसंग संपलेला नाही. आजूबाजूच्या जुन्या चाहत्यांकडे पाहा आणि ते करतील तसं करा. एखाद्या गाण्यावर सगळे ठरलेली हातांची खूण करतील, ठराविक ओळीवर ओरडतील. येत नसेल तर नुसतं पाहिलं तरी चालतं, कोणी नाव ठेवत नाही. शेजाऱ्याला दोन गाण्यांच्या मध्ये ‘हे पात्र कोण?’ असं विचारलं तर तो आनंदाने सांगतो. गाणं चालू असताना मात्र विचारू नका.

फोन एका गाण्यापुरता काढा आणि ठेवून द्या. जाळ आणि गडद अंधार एका चौकटीत फोनला पेलत नाही. जाळ पांढरा फटक येतो, बाकी सगळं काळं. शिवाय वर धरलेला फोन मागच्या चौघांचं दृश्य खातो. घोस्टने २०२५ च्या दौऱ्यात प्रेक्षकांचे फोन कुलूपबंद पाकिटांत ठेवायला लावले होते. तुमच्या शोला असा नियम असेल तर परतीची सोय आणि भेटायची जागा आधीच कागदावर लिहून घ्या.

बँड निघून गेला आणि सभागृहाचे दिवे लागले नाहीत, तर शो संपलेला नाही. एन्कोर, म्हणजे बँडने परत येऊन वाजवायची शेवटची गाणी, बाकी आहे. कथा असलेल्या शोमध्ये शेवट तिथेच असतो. अ‍ॅलिस कूपरचा गिलोटिनखाली मेलेला खलनायक पांढरा कोट आणि उंच टोपी घालून परत येतो तो अशाच शेवटच्या भागात. घरी जायची गाडी गाठायला तेवढ्यात पळू नका.

जाळ, धूर, लुकलुकणारे दिवे

जाळाच्या पहिल्या झोतासरशी तोंडावर उष्णता येते, बऱ्यापैकी मागे असलात तरीही. सवय नसेल तर दचकायला होतं. केसांवर स्प्रे मारून आणि चटकन पेट घेणारे झिरझिरीत कृत्रिम कापड घालून पुढे उभं राहू नका. आग सराईतांनाही सोडत नाही. किसच्या जीन सिमन्सने ३१ डिसेंबर १९७३ ला रंगमंचावर पहिल्यांदा तोंडातून जाळ काढला, तेव्हा त्याचेच केस पेटले.

बाहेर जायची दारं आधी बघा असं वर सांगितलं ते यासाठीच. २००३ मध्ये अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या ‘द स्टेशन’ या क्लबमध्ये रंगमंचावरच्या आतषबाजीने भिंतीचा ध्वनिरोधक फोम पेटला. सुमारे दीड मिनिटात आतली हवा जीवघेणी झाली आणि १०० माणसं दगावली. बरेच जण आत आलेल्या मुख्य दाराकडेच धावले आणि तिथेच अडकले. म्हणून आत शिरल्यावर मुख्य दाराखेरीज जवळचं दुसरं दार कोणतं ते शोधा आणि तिथपर्यंतची वाट एकदा नजरेने चाला. छोट्या, कमी उंचीच्या छताच्या जागी रंगमंचावर ठिणग्या उडत असतील तर कडेला, दाराजवळ उभं राहणं शहाणपणाचं.

धूर बहुधा पाणी आणि ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनचा असतो. जमिनीलगत वाहणारं पांढरं धुकं कोरड्या बर्फाचं असू शकतं. दमा असेल तर इनहेलर हाताशी ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर डोळे कोरडे पडतील, त्या दिवशी चष्मा बरा.

अपस्मार असलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांना लुकलुकत्या प्रकाशाने झटका येऊ शकतो, आणि सेकंदाला ३ ते ३० वेळा चमकणारा प्रकाश त्यात सगळ्यात घातक. असा त्रास असेल तर स्थळाला आधी विचारा. अचानक दिवे लुकलुकू लागले तर नुसते डोळे मिटून भागत नाही, पापण्यांतून प्रकाश आत येतो. एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि तोंड फिरवा.

गर्दी

उभ्याच्या भागात मध्येच गोल रिकामी जागा होऊ लागली तर समजा मोश पिट, म्हणजे एकमेकांना धडका देत नाचायचं रिंगण, उघडतोय. आत जायचं नसेल तर दहा-पंधरा पावलं कडेला सरका, मागे नव्हे. मागचे लोक पुढे रेटत असतात. जायचं असेल तर चष्मा काढून ठेवा, नाड्या दोनदा बांधा, कोपरं आत ठेवा. पडलेल्याला ताबडतोब उचलायचं, हा तिथला पहिला नियम आहे आणि तो पाळला जातो.

मोश पिटपेक्षा धोका दाटीचा असतो. चौरस मीटरमागे पाचाहून जास्त माणसं झाली की गर्दी स्वतःच्या ताब्यात राहत नाही. मोजायची सोपी खूण अशी: दोन्ही हात सहज तोंडापर्यंत नेता येतात का, स्वतःभोवती वळता येतं का? येत नसेल आणि चारी बाजूंनी अंगं टेकलेली असतील तर गाणं कितीही आवडतं असो, निघा. हात मुठी करून छातीसमोर धरा म्हणजे श्वासाला जागा राहते. एक पाय थोडा पुढे ठेवा. लाट आली की तिच्याशी झुंजू नका, ती ओसरली की तिरकं कडेला सरका, पुन्हा लाट, पुन्हा तिरकं. काही खाली पडलं तर वाकू नका. कठड्याजवळ असाल तर पलीकडच्या रक्षकांकडे हात करा. ते लोकांना उचलून बाहेर काढतात, त्यांचं ते रोजचं काम आहे.

बाहेर पडल्यावर

दिवे लागल्यावर दहा मिनिटं थांबलात तर दाराशी चेंगराचेंगरी टळते, आणि कधी कधी कागदी सेटलिस्ट (वाजवलेल्या गाण्यांची यादी) किंवा जमिनीवरची छापील कॉन्फेटी (शोमध्ये उधळलेले कागदाचे तुकडे) हाती लागते. प्लग बाहेर येईपर्यंत कानातच राहू द्या. कानात बारीक शीळ वाजत असेल किंवा ऐकू दबून येत असेल तर दोन दिवस कानांना विश्रांती द्या, हेडफोन बंद. दोन दिवसांनीही ते तसंच असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे जा.

दुसऱ्या दिवशी ती प्लेलिस्ट हळू आवाजात परत लावा आणि न कळलेली दृश्यं आठवत शब्द वाचा. आता प्रत्येक गाण्याला चेहरा मिळालेला असतो. शोचं पूर्ण चित्रण बघायचं असेल तर ते आता बघा. बाजूने, वरून, जवळून. जाळ कुठून निघत होता आणि गायक ऐन वेळी कुठे नाहीसा झाला, ते त्यात सापडेल.